सात नंबरचे मास्तर

२४ ऑक्टोबर १९८७, शनिवार

पोचलो एकदाचा! कूनेओच्या धुक्यातून निघालेली गाडी बोगद्यांत शिरली आणि बाहेर पडली ती थेट उन्हात. साव्होनाच्या स्टेशनवर कोट काढून हातावर घ्यावा लागला. ऑक्टोबर संपत आलाय आणि इथल्या बायका बाकांवर बसून, मोजे काढून, पाय उन्हात शेकतायत.

ही वही एल्दानं दिली. एल्दा माझी थोरली बहीण. टायरचं गोदाम बंद झाल्यापासून मी घरात बसून भिंतींकडे बघतो, ते तिला बघवत नाही. दोन आठवडे समुद्रावर जाऊन ये म्हणाली, आणि रोज चार ओळी लिही. तुझी जीभ जन्मापासून बांधलेलीच आहे, निदान हात तरी चालू दे म्हणाली. बहिणी अशाच बोलतात. पण खोटं काय आहे त्यात? खाणावळीत सूप गार आलं तर मी गारच पितो. न्हाव्यानं भलतेच केस कापले तर छान झालेत म्हणतो आणि वर बक्षिसी देतो. भीड हा माझा जुना रोग.

हॉटेल ओरिझोन्ते नावालाच मोठं. बंदराच्या मनोऱ्यामागची अरुंद चार मजली इमारत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, खाली काचेचं दार. मागच्या बाजूची स्वस्तातली खोली मागायची असं मनाशी घोकून मी घंटी वाजवली. दार उघडलं आणि एका ठेंगण्या, गुबगुबीत बाईंनी मला चक्क मिठी मारली.

“मास्तर! मला वाटलं, या वर्षी विसरलात आम्हाला.”

हे कोणाला म्हणतायत म्हणून मी मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या बाकावर एक माणूस मांडीवर पेटी घेऊन बसला होता. पण बाई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांनी माझी बॅग हिसकावून घेतली आणि आत तोंड करून ओरडून बहिणीला बोलावलं. बहीण इनेस, इथला स्वयंपाक तीच करते. ती कांदा चिरता चिरता डोळे पुशीत आली. तेव्हा कळलं की सकाळीच दोघींचं वाजलं होतं. बाईंनी साखरेच्या बरणीत मीठ भरलं, आणि इनेसनं त्यांना विसरभोळी म्हातारी म्हटलं. आता माझा दंड धरून बाई तिला म्हणत होत्या, सांग आता, विसरते का मी? एकदा पाहिलेला चेहरा देल्फीना जन्मात विसरत नाही. इनेसनं माझ्याकडे बघितलं, हात एप्रनला पुसले आणि मान्य करून टाकलं.

अशा वेळी काय बोलायचं? मी ओळखपत्र काढलं. म्हटलं, नाव वाचतील, आपोआप कळेल. त्यांनी हात हलवला. तुमचं कशाला, गेल्या वर्षीचं आहे की माझ्याकडे.

तर मी सात नंबरच्या खोलीत आहे. समोर सगळा समुद्र. इथे नेहमीचे पाहुणे आपलं सामान खोक्यात घालून ठेवून जातात, पुढच्या वर्षी ते खोकं खोलीत येतं. मास्तरांचं आलं. चपला, टोपी, लोकरीचा मफलर, पत्त्यांचा जोड. शिवाय शिंप्याची मापाची पट्टी, गलबतावरची शिट्टी, न्हाव्याचा बारीक दात्यांचा कंगवा आणि चष्म्याचे स्क्रू पिळायचा करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर. हे कसले मास्तर, काय शिकवत असतील पोरांना, कोण जाणे. चपला घालून पाहिल्या. बरोब्बर बसल्या.

जेवताना सांगणार होतो. पण खिडकीजवळचं टेबल मांडून ठेवलेलं, त्यावर वाइनची बाटली, गळ्याला लाल दोरा. हा दोरा मास्तरांचा. उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी त्यांनाच मिळावी म्हणून बांधतात. इनेसनं स्वतः बांधला होता. मग म्हटलं, उद्या.

आणखी एक, इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो. इतक्या आनंदानं मला कोणी हाक मारल्याला फार वर्षं झाली. ती हाक दुसऱ्याची होती. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

२५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दुधाच्या कॉफीत ‘फोकाच्या’, म्हणजे इथला तेलकट, खारा, चपटा पाव, बुडवून खाल्ला. आमच्याकडे याला नाकं मुरडतात. इथे खाल्ला नाही तर नाकं मुरडतात.

सांगायचं ठरवूनच खाली उतरलो होतो. पण तोनिन आला. हा कोळशाच्या गोदीत क्रेन चालवायचा, आता डोळ्यांत मोतीबिंदू, काठी टेकीत समोरच्या गल्लीतून येतो. मास्तर आणि तो ब्रिस्कोलाचे भिडू. दर ऑक्टोबरात दुपारी पत्ते, देल्फीनाबाई आणि इनेसच्या विरुद्ध. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. त्याची बायको पिएरा एप्रिलात गेली. सगळ्यांना कळवलं, मास्तर, तुझाच पत्ता कोणाकडे नव्हता, म्हणाला. तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं. मग तिथेच, टेबलाशी, तो रडला. पिएरा मास्तरांसाठी दर वर्षी किनोत्तोच्या कडू संत्र्यांचा मुरंबा घालायची, यंदाचाही घालून गेली. ती बरणी त्यानं कोटाच्या खिशातून काढून माझ्यापुढे ठेवली.

मी काय केलं? त्याच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, फार चांगली बाई होती.

मी त्या बाईला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. रात्रभर हे वाक्य कानात वाजणार आहे. आता याच्यानंतर कोणत्या तोंडानं सांगू, की बाबा, तू भलत्याच माणसापुढे रडलास?

२७ ऑक्टोबर, मंगळवार

बंदरावर फिरून आलो. मास्तरांची टोपी घातली होती, कारण वारा होता आणि देल्फीनाबाई दारात टोपी घेऊनच उभ्या होत्या. वाटेत फारिनाता घेतली. कागदात गुंडाळलेला चण्याच्या पिठाचा गरम तुकडा, वर मिरपूड. जिवाला किती बरं वाटतं त्या एका तुकड्यानं!

परत येताना बाकावरचा तो माणूस पुन्हा दिसला. तीच पेटी मांडीवर. साठीचा असेल, सभ्य, कोटाची सगळी बटणं लावलेली. कोट ओला होता, खांद्यापासून खालपर्यंत, आणि आज आठ दिवसांत इथे थेंब पडलेला नाही म्हणतात. तो माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत होता. मी टोपी काढून हातात घेतली, चोरी पकडली गेल्यासारखी. नमस्कार केला. त्यानं उठून, अदबीनं, मान लववली.

हेच खरे मास्तर असणार. आले, बघितलं तर खोली भरलेली, आणि बिचारे भिडेपोटी गप्प बसले. माझ्यासारखेच. असं मनात आलं आणि मी झपाझप निघून आलो. थांबून विचारायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं.

जेवणाच्या खोलीत भिंतीवर फोटो आहेत. दर वर्षी मास्तर जायच्या दिवशी सगळ्यांचा एक. देल्फीनाबाई, इनेस, तोनिन, पिएरा. मास्तरांचा चेहरा एकाही फोटोत धड नाही. कुठे हात मध्ये, कुठे मान फिरलेली. इनेस म्हणते, मास्तर लाजाळू, ऐन वेळी तोंड लपवतात. एका फोटोत ते उंच दिसतात, एकात बरेच बुटके. मी म्हटलं, फोटो तिरका काढला असेल.

२८ ऑक्टोबर, बुधवार

आज पत्त्यांत आम्ही जिंकलो. ते लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

ब्रिस्कोलात भिडूला तोंडानं खुणा करायची मुभा असते. ओठ मुडपले की हुकमाचा एक्का, भुवई उडवली की तिर्री. ते सगळ्यांना माहीत. पण जुन्या जोड्यांच्या आपल्या वेगळ्या खुणा असतात, विरुद्ध बाजूला न कळणाऱ्या. तोनिनला दिसत नाही, म्हणून त्याच्या आणि मास्तरांच्या खुणा आवाजाच्या आहेत. मला त्या माहीत नाहीत, अर्थात. तीन दिवस मी आपला खोकला झालाय असं सांगून वेळ मारून नेत होतो.

आज हातात हुकमाचा राजा आला, आणि मी नाकानं एक छोटा श्वास सोडला. मुद्दाम नाही. तोनिन हसला, पान टाकलं आणि म्हणाला, आता कसा माझा मास्तर भानावर आला. पुढच्या हाताला माझ्या बोटांनी ग्लासावर दोनदा टिचकी मारली. ती बोटं माझीच होती. टिचकीचा अर्थ मला ती मारल्यावर कळला.

बायका आम्हाला लबाड म्हणून चिडवत होत्या. मीही हसत होतो. हसताना अंगावर काटा आला होता.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

जेवताना बाकावरचा तो माणूस काचेच्या दारापाशी उभा होता. बाहेर. माझ्या टेबलावरून दार सरळ दिसतं. त्यानं काचेवर एक बोट वाजवलं, हळूच. ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द स्पष्ट कळला. सांगा.

मी काय केलं ते लिहितो, म्हणजे पुन्हा वाचून तरी लाज वाटेल. मी मान खाली घातली आणि भाज्यांचं सूप पीत राहिलो. तळ दिसेपर्यंत वर बघितलं नाही.

नंतर देल्फीनाबाईंना विचारलं, दारात कोणी उभं होतं का? त्या म्हणाल्या, नाही हो, असतं तर आत बोलावलं नसतं का? दार पुसायला फडकं घेऊन गेल्या. बाहेरच्या बाजूनं काचेवर बोटाएवढा खारट पांढरा डाग होता. समुद्राचं वारं, म्हणाल्या.

३१ ऑक्टोबर, शनिवार

इनेसनं खास माझ्यासाठी भरलेली अंचोवी मासोळी केली. मला अंचोवीचा वाससुद्धा सोसत नाही, लहानपणापासून. मी तीनदा मागून घेतली. आणि आवडली. हे खोटं नाही, खरंच आवडली. हेच तर वाईट आहे.

आज तीन वेळा तोंड उघडलं. एकदा स्वयंपाकघराच्या दारात, “इनेसबाई, मी तुम्हाला एक” इथवर आलो. ती वळली, इतकी खुशीत, की मी मीठ मागितलं.

तो आता आवारात येतो. पायरीवर बसतो. पेटीवर हात ठेवून.

१ नोव्हेंबर, रविवार

सर्व संतांचा दिवस. दुकानं बंद, घंटा वाजतायत. एल्दाला फोन करायचा असतो रविवारी. तिचाच आधार घ्यावा म्हटलं. तिला सगळं सांगितलं की ती शिव्या घालील, मग मी खाली जाऊन सांगीन. कोपऱ्यावरच्या बूथमध्ये गेलो, टोकनं टाकली.

मी म्हटलं, एल्दा, मी बोलतोय.

तिनं विचारलं, कोण आपण?

मी नाव सांगितलं. लिव्हिओ. तिनं अगदी सावकाश, घाबरून विचारलं, “तुम्ही कोण आहात? माझा भाऊ कुठे आहे? त्याला काही झालंय का? त्याला फोन द्या ना.”

मी म्हटलं, अगं मीच. लहानपणी तू मला तळघरात कोंडलं होतंस ते सांगितलं. आईचं नाव सांगितलं. तेव्हा ती रडायला लागली. हे तुम्हाला त्यानं सांगितलं का, म्हणाली, काय केलंत तुम्ही त्याला.

माझा आवाज मीही ऐकला तेव्हा. हळू, गोड, प्रत्येक शब्द पोराला लिहून द्यावा तसा सुटा. गोदामात असं बोललो असतो तर लोकांनी टायर फेकून मारले असते.

मी फोन ठेवला. माफ करा, म्हटलं, आणि ठेवला. बहिणीला माफ करा म्हटलं. परक्यासारखं.

२ नोव्हेंबर, सोमवार

मेलेल्यांचा दिवस. इथे आज सगळे उजाडायच्या आत अंथरूण सोडतात, चादरी ताणून बिछाना नीट करतात. वर्षभर हिंडून दमलेले मृतात्मे येऊन घटकाभर टेकतात म्हणे. देल्फीनाबाईंनी मला दार वाजवून उठवलं, स्वतः चादर घातली, सुरकुती राहू दिली नाही. मग सगळे दफनभूमीत गेलो. पिएराच्या कबरीवर मी फुलं ठेवली. तोनिन माझ्या खांद्यावर भार टाकून उभा होता.

उकडलेली गोड चेस्टनट खायच्या आधी मफलर आणायला वर गेलो. चांगलं ऊन होतं खोलीत. बिछाना दबलेला होता. माणूस कुशीवर निजून उठावा तसा, पाय जवळ घेतलेला. चादर ओली, मिठानं कडक. उशीवर तो करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर. खोक्यात होता तो.

तेव्हा मी सांगितलं. पळतच खाली आलो आणि सगळ्यांसमोर, टेबलाशी उभा राहून, मोठ्यानं बोललो. मी मास्तर नाही. माझं नाव लिव्हिओ पाउतास्सो, मी कूनेओचा, टायरच्या गोदामात होतो, मी या हॉटेलात पहिल्यांदाच आलोय, तुम्ही चुकलात आणि मी नीच माणूस, मी तुम्हाला चुकू दिलं. तोनिन, तुझ्या बायकोला मी ओळखत नव्हतो. हे शेवटचं म्हणताना रडू आलं.

इनेसला हसू आवरेना. देल्फीनाबाईंनी माझ्या ताटलीत चेस्टनट वाढली. तोनिन टेबलावर हात चाचपडत माझ्या हातापर्यंत आला.

“दर वर्षी कसं रे सुचतं तुला, मास्तर?” तो म्हणाला. “गेल्या वर्षी चष्मेवाला होतास. नोव्हाराचा. तेव्हाही असाच रडलास. पिएरा बिचारी खरं मानून घाबरली होती.”

इनेस म्हणाली, त्याआधी शिंपी. त्याआधी न्हावी. पण टायरवाला सगळ्यांत झकास.

मी ओळखपत्र काढून दिलं. देल्फीनाबाईंनी ते लांब धरून पाहिलं, मग इनेसनं. हा कोण, कोणी विद्यार्थी का तुमचा, म्हणाल्या. मी ते हातातून घेतलं. फोटोतला माणूस ओळखीचा वाटला. ओळखीचा वाटला, एवढंच.

मापाची पट्टी. शिट्टी. कंगवा. स्क्रूड्रायव्हर. ती सगळी माणसं होती. एकेक जण या दारात आला, आणि एकेकाला भीड पडली.

३ नोव्हेंबर, मंगळवार

बॅग भरली. पैसे काउंटरवर ठेवले. थांबा, फोटो, देल्फीनाबाई म्हणाल्या. दर वर्षीचा. मी उभा राहिलो. अजूनही मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. कॅमेरा उघडला तेव्हा ठरवलं होतं की चेहरा सरळ ठेवायचा. हात आपोआप वर गेला.

खोकं परत भरलं देल्फीनाबाईंनी. चपला, टोपी, मफलर. माझ्या कोटाच्या खिशातून टायरची हवा मोजायचं यंत्र काढलं आणि तेही आत ठेवलं. सवयीनं बाळगतो मी ते. माझं आहे म्हणालो. तुमचंच तर खोकं आहे, म्हणाल्या.

दारात मिठी मारली. पुढच्या वर्षी लवकर या, मास्तर.

तो पायरीवरून उठला. जवळून पाहिलं. नाकावर चष्म्याच्या जुन्या खुणा, डोळे थकलेले. राग नव्हता डोळ्यांत, शरम होती. मला वाटत होती तशीच.

“मीही वेळेवर नाही सांगितलं,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. तुम्ही सांगितलं असतंत, तर दोघंही सुटलो असतो.”

मान लववून तो पाण्याकडे चालत गेला. धक्का संपला तरी चालत होता.

४ नोव्हेंबर

तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं माझ्या मागच्या बाईला पुढे बोलावलं. मी बोललो. बाई माझ्यातून हात घालून पैसे देत होती. गाडी गेली. मी फलाटावरच — एल्दाला फोन करू पाहिला, टोकन खाली पडतं, परत येतं, पुन्हा —

कोट ओला झालाय. पाऊस नाही.

तारीख माहीत नाही

बाक. पेटी नाही, बॅग आहे मांडीवर. वही कोरडी राहते, का ते कळत नाही.

ऊन कडक झालं. छत्र्या आल्या वाळूत, पोरं आली. छत्र्या गेल्या. तोनिन दिसतो काठी टेकीत. हाक मारतो मी. तो थांबतो, कान देतो, मग जातो.

एल्दा आली होती. माझा फोटो घेऊन. हॉटेलात दाखवत होती. देल्फीनाबाईंनी मान हलवली, असा कोणी आला नाही, म्हणाल्या असतील. चेहरा जन्मात विसरत नाहीत. एल्दा माझ्या बाकावर बसली. अगदी शेजारी. रडली. मी म्हणत होतो, एल्दा, अगं — एल्दा —

माझा हात तिच्या पाठीवर —

तारीख नाही. पुन्हा सकाळी गार

कोणीतरी आलं. लहान बॅग, छत्री, बुटांना माती. दारासमोर उभा राहून काहीतरी घोकत होता मनाशी. घंटी वाजवली. मिठी. त्यानं गोंधळून मागे वळून पाहिलं.

मागे मी होतो. मी दोन्ही हात हलवले. उठलो, ओरडलो, रस्ता ओलांडून —

दार लागलं. सात नंबरची झडप उघडली.

मग

काचेपाशी आहे. तो खिडकीच्या टेबलाशी. बाटलीला लाल दोरा. इनेस वाढतेय. तोनिन अजून यायचाय. वेळ आहे. अजून वेळ आहे त्याला, तोनिन यायच्या आधी, नुसतं नाव सांग बाबा, तुझं, जे असेल ते, एकदा मोठ्यानं — मीसुद्धा सुटेन — एल्दाला —

बोट वाजवलं. त्यानं बघितलं. मला बघितलं! सांगा, म्हटलं. सांगा त्यांना. आज. आत्ता. मी लिव्हि —

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच ताटलीवर मान खाली घातली.

रागावता येत नाही मला त्याच्यावर. मला माहीत आहे ना, त्याला आत्ता कसं वा